राजगड, पण कोणत्या सालचा? : होहकोनिग्सबुर्गची पुनर्बांधणी

आजच्या किल्ल्याचं नाव आधी सोडवून घेऊ, कारण निम्मी गोष्ट नावातच आहे. जर्मन लोक त्याला होहकोनिग्सबुर्ग म्हणतात, फ्रेंच लोक ओ-कोनिग्सबूर. ‘होह’ किंवा ‘ओ’ म्हणजे उंच, ‘कोनिग’ म्हणजे राजा, ‘बुर्ग’ म्हणजे गड. थोडक्यात, उंचावरचा राजगड. दोन भाषांत दोन नावं का, तर हा किल्ला ज्या अल्सास प्रांतात आहे तो १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत चार वेळा फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात अदलाबदल झाला. आम्ही आज जर्मन नाव वापरणार आहोत. पक्षपात म्हणून नव्हे. आज जी वास्तू तिथे उभी दिसते ती जर्मन अमदानीत घडली, एवढंच.

ऱ्हाईन नदीच्या सपाटीवरून पश्चिमेला पाहिलं की व्होज डोंगररांगेच्या एका शिखरावर, ७५७ मीटर उंचीवर, गुलाबी वालुकाश्माचा हा किल्ला दिसतो. रायगडाहून थोडा बुटका. छपरं आहेत, मनोरा आहे, चर्या आहेत, झडपेचा पूल आहे. मध्ययुगीन किल्ला म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते अगदी तंतोतंत इथे आहे. दरवर्षी लाखो माणसं ते बघायला येतात. आणि त्यातल्या बहुतेकांना दारावर तिकीट काढताना कल्पना नसते, की ती जी छपरं आणि वरचे मजले बघणार आहेत ते १९०० ते १९०८ या आठ वर्षांत बांधलेले आहेत.

आता यावर दोन सोपी मतं आहेत. एक, ‘मग हा खोटा किल्ला, दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यासारखा, फक्त बादशहानं केलेला.’ दुसरं, ‘बघा, त्यांनी किती छान उभा केला, आणि आपले गड बघा.’ दुसरं मत आपल्याकडे जास्त ऐकू येतं. आमचं म्हणणं असं आहे, की दोन्ही मतं चुकीच्या जागी बोट ठेवतात. त्यासाठी जरा इतिहासात जावं लागेल.

या किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा आहे, आणि तो आहे अतिक्रमणाच्या तक्रारीत! ही डोंगरावरची जमीन पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाची. तिच्यावर होहेनश्टाउफेन घराण्यानं गड बांधला, म्हणून मठाचे साधू फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. तक्रारीचं पुढे काही झालं नाही, गड राहिला. अल्सासच्या सपाटीवरून जाणारे गव्हाचे, दारूचे, मिठाचे, चांदीचे रस्ते या शिखरावरून दिसत होते, मग तो कोण सोडणार?

पुढची तीनशे वर्षं भराभर ओलांडू. किल्ला लोरेनच्या ड्यूककडे गेला, त्यांच्या वतीनं स्थानिक सरदार तिथे बसले, आणि पंधराव्या शतकात तो रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांना लुटणाऱ्या सरदारांचा अड्डा झाला. १४६२ मध्ये आसपासच्या शहरांनी एकत्र येऊन त्याला आग लावली.

इथून मात्र हळू चालू. कारण १४७९ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक यानं ही जळकी जागा टीरश्टाइन घराण्याला दिली, आणि या मंडळींनी जे बांधलं ते स्थापत्याच्या दृष्टीनं खरंखुरं मोलाचं आहे. तोवर तोफा आल्या होत्या. उंच, सरळ, पातळ भिंतीचे दिवस संपले होते. टीरश्टाइनांनी डोंगर नीट वाचला. तिन्ही बाजूंना उतार तीव्र आहे, तिथून तोफा वर चढवणं अवघड. पश्चिमेला मात्र डोंगराची धार सपाट होत पुढे जाते. तीच कमजोर बाजू. आपल्याकडे अशा सोंडेवर माची बांधतात. राजगडाची संजीवनी माची आठवा, धारेवर पसरत गेलेली, दुहेरी तटाची. टीरश्टाइनांनी त्याच प्रश्नाचं उत्तर वेगळं काढलं. त्यांनी पश्चिम टोकाला घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन जाडजूड बुरूज उभे केले आणि त्यांच्यामध्ये तितकीच जाड भिंत घातली. माचीसारखं पुढे पसरून शत्रूला लांब रोखण्याऐवजी त्यांनी मार खाणारी एकच बाजू प्रचंड जड केली. राहता वाडा त्या भिंतीच्या आड, मध्ये एक बाग. म्हणजे तोफगोळा बुरजावर बसला तरी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ नये.

पूर्वेकडून आत जाताना दुसरं शहाणपण दिसतं. बाहेरचा दरवाजा ओलांडला की सरळ वाड्यात जाता येत नाही. आधी खालचं अंगण येतं. त्यात धर्मशाळेसारखी उतरायची जागा, लोहाराची भट्टी, गिरणी. मग दुसरा दरवाजा, मग चढण, मग विहिरीचा बुरूज, मग झडपेचा पूल, आणि मग वाडा. हा काही गोमुखी दरवाजा नाही, पण आत आलेल्याला प्रत्येक वळणावर वरच्याच्या माऱ्याखाली यावं लागतं ही कल्पना तीच. विहीर तर खास बघण्यासारखी. ६० मीटरांहून खोल, कातळात खोदलेली, आणि तिच्यावर बुरूज चढवलेला. डोंगरावर पाणी गेलं की गड गेला, हे आपल्याला सांगायला नको. रायगडावर गंगासागर आहे, इथे तलावाला जागाच नाही, म्हणून पाण्याला चिलखत घातलं.

वाडा अरुंद अंगणाभोवती उभा आहे. जागा कमी, म्हणून मजल्यावर मजला. खाली कोठार आणि स्वयंपाकघर, वर राहण्याच्या खोल्या, त्या जोडणारा गोल जिना. खोल्यांत मातीच्या रंगीत कौलांच्या शेगड्या, कारण अल्साससारख्या थंड मुलखात डोंगरमाथ्यावर हिवाळा काढायचा म्हणजे लढाईपेक्षा थंडीचा हल्ला रोजचा. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की नुसत्या पडक्या भिंती बघून हे कळत नाही. धूर कुठून जात होता, बर्फाचं ओझं छपरानं कसं पेललं, विहिरीचं पाणी स्वयंपाकघरात कसं यायचं, हे छप्पर असलेला गडच शिकवतो. ही या पुनर्बांधणीची खरी कमाई आहे आणि ती नाकारायचं काही कारण आम्हाला दिसत नाही.

१५१७ मध्ये शेवटचा टीरश्टाइन वारला आणि गड हाब्सबुर्गांकडे परत आला. पुढे डागडुजीला पैसा मिळेना. १६३३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश फौजेनं त्याला ५२ दिवस वेढा दिला, घेतला आणि तो जळाला. मग अडीच शतकांहून जास्त काळ त्यात झाडं वाढली. मुलूख फ्रान्सकडे गेला. रोमँटिक काळातले चित्रकार आणि प्रवासी यायला लागले, पडक्या भिंतींची चित्रं काढायला लागले. १८६२ मध्ये फ्रेंच सरकारनं अवशेषांची संरक्षित स्मारकांत नोंद केली, १८६५ मध्ये पायथ्याच्या सेलेस्ता गावानं ते विकत घेतले. गावाला खर्च झेपेना.

१८७१ मध्ये अल्सास जर्मनीकडे गेलं आणि १८९९ मध्ये सेलेस्तानं तो गड कैसर दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिला. कैसरनं तो आनंदानं घेतला. त्याच्या साम्राज्याच्या पूर्व टोकाला मारिएनबुर्ग, म्हणजे आजच्या पोलंडमधला मालबोर्क, याची पुनर्बांधणी आधीच चालू होती. पश्चिमेला असाच एक गड मिळाला तर दोन टोकांना दोन खांब! काम दिलं बर्लिनच्या बोडो एबहार्टला. हा गृहस्थ महाविद्यालयात शिकलेला वास्तुविशारद नव्हता, स्वतःच शिकलेला, पण किल्ल्यांच्या वेडानं पछाडलेला; जर्मन किल्ल्यांच्या रक्षणासाठी १८९९ मध्ये त्यानं एक संस्थाही काढली, ती आजही चालू आहे.

एबहार्टवर टीका करणाऱ्यांनी त्याला बऱ्याचदा नाटकाचे पडदे रंगवणारा ठरवलं. ते अन्यायाचं आहे. त्यानं आधी मातीचे ढीग उपसले. प्रत्येक भिंतीची मोजमापं घेतली, फोटो काढले. ढिगाऱ्यातून निघालेले शेगड्यांच्या कौलांचे तुकडे, खिडक्यांच्या चौकटी, लोखंडी सामान वेगळं करून ठेवलं. सोळाव्या शतकातल्या सामानाच्या याद्या शोधून कोणत्या खोलीत काय होतं ते बघितलं. डोंगरावर दगड न्यायला छोटं वाफेचं इंजिन आणलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नव्या दगडांवर त्यानं खुणा कोरून घेतल्या, जुना कुठला आणि नवा कुठला हे कळावं म्हणून. हा माणूस खोटं बोलायला निघाला होता असं म्हणणं अवघड आहे.

मग चूक कुठे? आमच्या मते तीन ठिकाणी, आणि ती वाढत्या भांडवलाची आहे.

पहिली, मनोरा. खालचा भाग जुना, पण वरचा भाग आणि उंच छप्पर अनुमानाचं. लांबून किल्ल्याची जी ओळख आहे, कॅलेंडरवर येते ती, तीच या अनुमानातून आलेली. किल्ल्यांवर त्या काळचा मोठा जर्मन अभ्यासक ओटो पीपर यानं एबहार्टवर जाहीर टीका केली आणि भांडण बरीच वर्षं चाललं. पण आम्हाला विचाराल तर मनोऱ्याची काही मीटर उंची हा छोटा मुद्दा. वाद घालायला सोयीचा, कारण मोजता येतो.

दुसरी, कैसरचं दालन. वाड्यातल्या वरच्या दोन मजल्यांच्या मधलं छत काढून एबहार्टनं एक उंच मेजवानीचं दालन केलं. छतावर साम्राज्याचा गरुड. भिंतींवर लिओ श्नुग या अल्साशियन चित्रकाराची चित्रं. टीरश्टाइनांच्या वाड्यात असं दालन नव्हतं. इथे पुरावा संपला आणि मालक बोलायला लागला. गंमत अशी, की बाकीच्या खोल्यांतला एबहार्टचा काटेकोरपणाच या दालनाला विश्वास पुरवतो. शेजारची शेगडी खरी दिसते, म्हणून गरुडही खरा वाटतो. चांगल्या संशोधनाचा हा धोका असतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

तिसरी, आणि हीच आमच्या मते मुळाशी जाणारी, साल. एबहार्टनं ठरवलं, की गड १५०० च्या सुमाराचा दाखवायचा. स्थापत्याचं कारण पक्कं आहे. उभ्या भिंती बहुतेक टीरश्टाइनांच्याच होत्या. पण १५०० निवडलं की आणखी काय होतं बघा. १६३३ ची आग नाहीशी होते. पडकेपणाची अडीच शतकं नाहीशी होतात, आणि त्यांच्याबरोबर या डोंगरावरचा फ्रेंच काळ जवळजवळ पूर्ण पुसला जातो. बाराव्या शतकातला होहेनश्टाउफेनांचा गड तर फार उरलाच नव्हता. राहतो तो पवित्र रोमन साम्राज्यातला, निर्विवाद जर्मन वाटणारा, एक क्षण. कैसर स्वतः होहेनझोलर्न, या गडाशी त्याच्या घराण्याचा काही संबंध नाही, पण त्या क्षणात तो होहेनश्टाउफेन आणि हाब्सबुर्ग दोघांचा वारस म्हणून उभा राहू शकतो. एकही दगड चुकीचा न लावता हे साधता येतं.

त्याच काळात हा प्रश्न ज्यांनी ओळखला ते लोक लांब नव्हते. स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात कलेतिहासाचा प्राध्यापक गेओर्ग डेहिओ शिकवत होता, किल्ल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. २७ जानेवारी १९०५ ला, कैसरच्या वाढदिवसाच्या समारंभात, या माणसानं व्याख्यान दिलं ते स्मारकांच्या रक्षणावर, आणि ठणकावून सांगितलं की वास्तू राखावी, पुन्हा घडवू नये. हायडेलबर्गच्या पडक्या राजवाड्यावर छप्पर घालावं की नाही या वादातून त्याचं मत तयार झालं होतं. पण वाढदिवस कोणाचा, विद्यापीठाला नाव कोणाचं, आणि त्या घटकेला शेजारच्या डोंगरावर कोण काय बांधतंय, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असणार. व्याख्यान देणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे, आमच्यासकट.

१३ मे १९०८ ला उद्घाटन झालं. मध्ययुगीन पोशाखातली भव्य मिरवणूक, कैसर, पाहुणे, आणि धो धो पाऊस. कोलमारचा व्यंगचित्रकार हान्सी यानं या भिजलेल्या सोहळ्याची अशी काही टर उडवली, की अल्साशियन लोकांच्या आठवणीत ती चित्रं उद्घाटनापेक्षा जास्त टिकली. खर्चाचा भार साम्राज्याच्या आणि अल्सास-लोरेनच्या तिजोरीवर पडला होता, त्यामुळे हसण्याला धार होती.

दहा वर्षांत कैसर गेला, अल्सास फ्रान्सकडे आलं. आता फ्रेंचांनी काय करावं? शत्रूच्या बादशहाचं हे खेळणं पाडावं का? पाडलं नाही. ते राष्ट्रीय मालमत्ता झालं. १९३७ मध्ये ज्याँ रेनुआरनं ‘ला ग्रांद इल्युजिओं’ या युद्धकैद्यांवरच्या चित्रपटातला जर्मन तुरुंग-किल्ला म्हणून तो वापरला. फ्रेंच दिग्दर्शकाला जर्मन किल्ला हवा होता, तो घरातच तयार मिळाला. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सरकारनं एबहार्टचं कामही स्मारक म्हणून संरक्षित केलं. म्हणजे आता तिथे गरुडालाही हात लावता येत नाही. आमच्या मते हे बरोबर झालं. तो गड १५०० चा पुरावा म्हणून अर्धाच खरा आहे, १९०८ चा पुरावा म्हणून मात्र पूर्ण खरा आहे. तक्रार एवढीच, की आत फिरणाऱ्याला हे सहज दिसत नाही. दगडांवरच्या त्या खुणा आहेत, पण कोणी दाखवल्याशिवाय त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे सगळं ऐकताना तुमच्या मनात रायगड घोळत असणार. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून ‘आता रायगड पुन्हा उभा करा’ ही मागणी जोरात आहे. मागणीमागची माया आम्हाला कळते. जोत्यांवरून चालताना, इथे सदर, इथे राण्यांचे महाल, इथे बाजारपेठ, असं नुसतं सांगत राहायचं, आणि लहान मुलांना काहीच दिसत नाही.

पण साल कोणतं? १६७४ म्हणाल, राज्याभिषेकाचं. ठीक. त्या वर्षी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता, त्यानं लिहून ठेवलं आहे, पण वाड्यांच्या लाकडी वरच्या मजल्यांचं चित्र काही काढून ठेवलेलं नाही. खांब किती उंच, छप्पर कसलं, कोरीवकाम काय, हे जोतं सांगत नाही. मग एबहार्टच्या मनोऱ्यासारखं अनुमान करावं लागेल, आणि त्या अनुमानालाच उद्या मुलं रायगड म्हणून ओळखतील. शिवाय १६७४ निवडलं की १६८९ चा वेढा जातो, पेशवाईतला काळ जातो, आणि मे १८१८ जातो, जेव्हा इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि वाडे जळाले. ती उघडी जोती हाच त्या दिवसांचा शिल्लक पुरावा आहे. ती झाकली तर इंग्रजांनी काय केलं हे मुलांना कशावरून दाखवणार?

याचा अर्थ हात लावायचाच नाही असा नाही. तट ढासळत असेल तर चुन्यानं बसवा, टाकी उपसा, पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. १९६४ च्या व्हेनिस सनदेचं म्हणणंही असंच आहे, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे डागडुजीनं थांबावं. वाडा कसा दिसत असेल ते पायथ्याशी प्रतिकृतीत दाखवा, चित्रफितीत दाखवा. तिथे तीन वेगवेगळ्या शक्यता शेजारी शेजारी ठेवता येतात, गडावर एकच ठेवता येते. आणि काही नवं बसवलंच तर एबहार्टसारखी दगडावर खूण करा, फक्त ती खूण कशाची हे दारावरच्या फलकावर मराठीत लिहा.

हे रायगडावर अवघड जाईल असं म्हणणाऱ्यांना आम्ही शिवछत्रपतींच्या समाधीचं उदाहरण देतो. टिळकांनी १८९५ मध्ये समाधीच्या दुरवस्थेवरून चळवळ उभी केली, निधी जमवला, आणि आज आपण जिथे डोकं टेकवतो ते अष्टकोनी बांधकाम १९२० च्या दशकातल्या जीर्णोद्धाराचं आहे. हे कळल्यावर कोणाची श्रद्धा कमी झाल्याचं आमच्या पाहण्यात नाही. उलट तिथे दोन काळ दिसायला लागतात, महाराजांचा आणि त्यांची आठवण पुन्हा जागी करणाऱ्या पिढीचा. पुढच्या खेपेला गडावर जाल तेव्हा समाधीचा दगड आणि जगदीश्वराच्या मंदिराचा दगड शेजारी शेजारी बघा, छिन्नीचे घाव वेगळे दिसतात का ते.

इथे थांबतो. मालबोर्कबद्दल काहींना विचारायचं होतं, १९४५ नंतर पोलंडनं तो पुन्हा का बांधला म्हणून. ते प्रश्न आधी घेऊ.